पांगाऱ्याची मेढ

“झाड ठेवायचं का काढायचं, तेवढं आज ठरवा बाबा,” बाळासाहेब म्हणाला आणि मोजायची टेप गुंडाळून त्याने खिशात टाकली. “मला बांबू उभं करायचेत. मधी हे असं उभं असल्यावर मांडव काय डोक्यावर घालू?”

त्याच्या थोरल्या बहिणीने, भागूबाईने, मान वर केली नाही. तिच्या मांडीवर धाकट्या भावजयीची, शकुंतलेची, मोरपंखी साडी होती आणि तिचा काठ शेजारच्या अंजिरी साडीच्या काठाला जोडायचं काम चाललं होतं. गोधडीला घालतात तसाच धावदोरा, पण टाका लांब. उद्या उसवायची वेळ आली तर कापडाला भोकं दिसू नयेत असा. निमगाव साव्यातल्या निम्म्या घरांतल्या गोधड्या तिच्या हातच्या होत्या. मांडवाचं छत मात्र ती आयुष्यात पहिल्यांदा शिवत होती.

दारात मांडव घालायचं शकुंतलेच्या लेकीने, समृद्धीने, ठरवलं होतं. तिचा बाप, भागूबाईचा धाकटा भाऊ सयाजी, होता तेव्हा लेकीच्या लग्नाला नारायणगावचं कार्यालय घ्यायचं, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. गेल्या आषाढात टोमॅटोची तार ओढता ओढता तो वावरात खाली बसला तो उठलाच नाही. घरातलं माणूस गेलं की लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, ही रीत. सोयरीक आधीच ठरलेली. अवसरी बुद्रुकची माणसं थांबायला तयार होती, पण पोरगीच म्हणाली, “पप्पा नाहीत तर कार्यालय कशाला? लग्न आपल्या दारात होईल, आणि मांडवात विकतचं काही नको. आपल्या हातानं होईल तेवढंच.” मंचरला लॅबमध्ये नोकरी करणारी पोरगी, पण हट्ट बापाचा घेऊन आलेली. तिने तेव्हाच दोन सऱ्या झेंडू लावून टाकला होता. टोमॅटोचे बांबू खांबांना, जोंधळ्याची कणसं तोरणांना, कांद्याच्या लाल जाळ्या कातरून त्यांची फुलं, नारळाच्या करवंट्यांचे दिवे, असं तिचं चाललं होतं. आणि छताला आईच्या रंगीत साड्या. शकुंतला त्या आता नेसत नव्हती. ट्रंकेत पडून होत्या, त्या तिने स्वतःच बाहेर काढून दिल्या.

आता एवढं सगळं जुळून आलं, तर मध्ये पांगारा.

अंगणाच्या बरोबर मधोमध तो उभा होता. माघ संपत आलेला, अंगावर पान म्हणून नाही आणि शेंड्यापर्यंत नुसती लालभडक फुलं. साळुंक्यांचा दिवसभर गलका. घरात त्या झाडाला कुणी झाड म्हणत नसे, पांगाराही म्हणत नसे. ‘त्याच्या पलीकडं वाळवण घाला’, ‘त्याच्यापाशी गाय बांधा’, असंच बोलायचं. इतक्या वर्षांत त्याचं नाव घ्यायची पाळी कुणी स्वतःवर येऊ दिली नव्हती.

“तोडूनच टाका एकदाचं,” ओट्यावरून इंदू म्हणाली. बाळासाहेबाची बायको, घरातली थोरली सून. सयाजी नाही म्हटल्यावर कन्यादानाला तीच नवऱ्याशेजारी बसणार होती. “पाखरं घाण करत्यात वरनं. आन् दुसरं बी हाय. अवसरीचं पावणं यायचेत मांडव बघाया. कुणी विचारलं, ह्ये कसलं झाड, तर काय सांगायचं?”

‘दुसरं बी हाय’ म्हणताना तिने नणंदेकडे पाहिलं नाही. पण दोरा ओढणारा भागूबाईचा हात थांबला.

हकीकत जुनी होती आणि गावाला तोंडपाठ होती. भागूचं लग्न ठरलं तेव्हा मुहूर्तमेढ रोवायची वेळ झाली आणि तिच्या वडिलांच्या, आबांच्या, लक्षात आलं की उंबराची फांदी आणायची राहिली. गावात उंबर एकच, देवळामागचा, आणि त्याला कोयता लावायची कुणाची छाती नव्हती. मुहूर्त टळत होता. आबा तरातरा बांधावर गेले आणि कुंपणातला पांगाऱ्याचा सरळसा दांडका तोडून घेऊन आले. “मेढ ती मेढ,” म्हणाले. भटजींनी नाक मुरडलं, पण मंत्र म्हटले.

आपल्याकडे हळद आधी नवरदेवाला लागते. त्याच्या अंगची उरलेली उष्टी हळद वाटीतून नवरीच्या घरी येते आणि मगच नवरीला लावतात. भागू सकाळी पाटावर बसली, हिरव्या बांगड्या भरून. बाळासाहेब तेव्हा दुसरी-तिसरीतलं पोर. आबांनी त्याला देवळाच्या वळणावर उभं केलं. त्याला एकच काम: गाडी दिसली की ‘हळद आली’ म्हणून ओरडायचं. दुपारी तो जेवायला आला नाही. दिवेलागणीला चुलत्याने त्याला खांद्यावर टाकून आणलं, तर म्हणाला, “मला खाली सोडा, आजून यायचीय.” निरोप दुसऱ्या दिवशी आला. नवरदेवाचं मुंबईत आधीच एक लग्न झालेलं होतं. त्याच्या घरच्यांना ठाऊक होतं, सोयरीक जुळवणाऱ्यालाही ठाऊक होतं. सगळ्यांनी मिळून ते झाकून ठेवलं आणि ऐन वेळी नवरदेवच पळाला.

पण लोकांना पळालेला नवरदेव दिसेना, त्यांना पांगाऱ्याची मेढ दिसली. मांडव उतरवला, डहाळे गुरांपुढे टाकले. मेढ तेवढी राहिली. मेढ लग्न पार पडल्यावर काढतात. लग्नच पार पडलं नाही तर ती काढायची कधी आणि कुणी? भटजींना विचारायची आबांना लाज वाटली. पांगारा मोठा चिवट. पावसाळ्यात दांडक्याला कोंब फुटले. पुढे दोन-तीन स्थळं आली, पण झाडाची गोष्ट त्यांच्या आधी पोचलेली असायची. मग भागूनेच आबांना सांगितलं, आता पुरे.

“तोडा,” भागूबाई म्हणाली.

इंदूच्या हातातलं सूप तसंच राहिलं. बाळासाहेबाने वळून पाहिलं.

“माझ्याकडं काय बघतोस? तोड म्हंते ना. पोरीच्या लग्नात आडकाठी नगं. माझं काय, मला त्याची सावली बी नाय मिळत ह्या दिवसांत.” हे ती हसून म्हणाली आणि पुढचा टाका घालू लागली. झाडावर तिचा जीव होता असं नव्हे. उलट तरुणपणी किती वेळा तिच्या मनात आलं होतं की मुळाशी कढत पाणी ओतावं. पण रोज सकाळी दार उघडलं की ते समोर असायचं, आणि या घरात आपलं म्हणून काही उभं आहे असं वाटायचं. वाईट का होईना, आपलं.

“उद्याच्याला कटरवाल्याला बोलावतो,” बाळासाहेब म्हणाला. त्याचा आवाज उगाचच मोठा झाला होता.

तेव्हा शकुंतला बोलली. सयाजी गेल्यापासून ती पाहुण्यासारखी वागायची घरात. कुणी दे म्हटलं तर द्यायचं, बस म्हटलं तर बसायचं. तोरणांना हात लावू का, हेसुद्धा ती थोरल्या जावेला विचारायची, आणि इंदू “राहू द्या, तुमी नका” म्हणाली की मुकाट्याने गहू निवडायला घ्यायची.

“मग माझी लुगडी बी काढून द्या, दादा,” ती म्हणाली.

“आता ह्ये काय मधीच?”

“मधी न्हाई. त्या झाडाला अपशकुनी म्हनायचं तर मला काय म्हनायचं? माझा मालक गेलाय. आन् छताला माझ्याच साड्या लावताय की. त्या चालत्यात, झाड चालत न्हाई, असं कसं?” तिने भागूबाईच्या मांडीवरच्या साड्यांकडे बोट केलं. “वन्संनी पंधरा दिवस बोटं सोलून घेतलीत. तुमी एक सांगा, एवढ्या वजनाचं छत नुसत्या बांबूंवर ऱ्हाईल का? मधी खांब लागंल ना?”

बाळासाहेब टोमॅटोचा माणूस. वजन, ताण, तार हे त्याला झोपेतही कळायचं. त्याने छताकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं, आणि टोपी काढून डोकं खाजवलं. मध्ये आधार नसता तर छताचा झोळ जेवणाऱ्यांच्या टाळूला लागला असता, हे त्याला टेप न काढता दिसत होतं.

“ऱ्हाऊ द्या मग,” तो म्हणाला. “पन एक. पावण्यांम्होरं ह्या झाडाचा इतिहास कुणी काढायचा न्हाई. विचारलं तर मी बोलीन. बाकीच्यांनी तोंडाला कुलूप.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. भागूबाईनेही डोलावली. शकुंतला मग तिच्या शेजारी येऊन बसली आणि साडीचं दुसरं टोक तिने स्वतःच ताणून धरलं. इंदूने पाहिलं, पण या खेपेला ‘तुमी नका’ म्हणाली नाही.

*

सोमाजीबाबा आले ते मुलाला घेऊन. नवरदेवाचे, सुजितचे, आजोबा. डोक्याला पागोटं, अंगात इस्त्रीचा सदरा, चालणं सावकाश. सुजितचे वडील बँकेतले असले तरी अवसरीच्या त्या घरात अजून म्हाताऱ्याचाच शब्द चालायचा. हळद कधी निघायची, वऱ्हाड किती यायचं, मानाची माणसं कोण, हे सगळं तेच ठरवायचे.

इंदूने सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. टॉवेल-टोपी, नारळ, सगळं ताटात मांडून ठेवलेलं. चहा झाला. समृद्धीने कणसांची तोरणं दाखवली, करवंट्यांचे दिवे दाखवले. म्हाताऱ्याने एक करवंटी हातात घेऊन फिरवून पाहिली.

“पोरीनं केलं ह्ये?”

“समद्यांनी मिळून, बाबा,” बाळासाहेब म्हणाला. “कार्यालय परवडत न्हाई असं न्हाई. पन सयाजीचं वरीस फिरलं न्हाई अजून. म्हनलं, घरच्या घरी शोभंल तेवढंच.”

“बेस केलं. कार्यालयात लग्न कुनाचं चाललंय तेच समजत न्हाई.” म्हातारा उठून अंगणात गेला. इंदूने बाळासाहेबाला डोळ्यांनी खुणावलं. सोमाजीबाबा पांगाऱ्याखाली उभे राहिले आणि वर पाहत राहिले. “लई दिवसांनी बघितला एवढा मोठा. आमच्याकडं आता कुंपनाला बी ठेवत न्हाईत. कुनी लावला?”

“कुनी न्हाई बाबा,” बाळासाहेब चटकन म्हणाला. “बी पडून उगावला आसंल. पाखरं काय कमी हैत?”

“आसंल, आसंल.”

एवढ्यावर मिटलं होतं. इंदूचा जीव भांड्यात पडलेला भागूबाईला स्पष्ट दिसला. पाहुणे परत ओट्याकडे वळले होते. आणखी एक कप चहा, टॉवेल-टोपी, की झालं.

भागूबाई उंबऱ्यात उभी होती. तिला आबा आठवले नाहीत, नवरदेवही आठवला नाही. त्याचं तोंड तिने नीट पाहिलेलंही नव्हतं. तिला आठवली ती सोयरीक जुळवणाऱ्याची बायको. तीसुद्धा अशीच या ओट्यावर बसून हसत चहा प्यायली होती, सगळं ठाऊक असून.

“पावणं,” ती म्हणाली. “बी पडून न्हाई उगावला त्यो. माझ्या मांडवाची मेढ हाय ती.”

बाळासाहेब “अक्का!” म्हणाला. ती थांबली नाही. थांबली असती तर पुन्हा बोलणं झालं नसतं.

“माझी हळद यायची व्हती. ती आली न्हाई. नवरदेवाचं आधीच लगीन झाल्यालं, आन् आमाला कुनी सांगितलं न्हाई. मांडव उतरला, मेढ तशीच ऱ्हायली. तिचंच झाड झालं. लोक म्हनत्यात मेढ चुकीची व्हती म्हनून घात झाला. खरं-खोटं देवाला ठावं. तुमाला सांगायचं न्हाई असं घरात ठरलं व्हतं, आन् मी बी हो म्हनले व्हते. पन आमच्यापासनं असंच समद्यांनी झाकून ठेवलं व्हतं, पावणं. पोरीला त्याच वाटंनं तुमच्या घरात कशी धाडू?”

सोमाजीबाबांनी पागोटं सारखं केलं. मुलाकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं.

“असं व्हय,” ते म्हणाले.

मग चपला पायात सरकवल्या आणि ते गाडीकडे चालू लागले. सुजितचे वडील गोंधळले, बाळासाहेबाला नुसता नमस्कार करून मागोमाग गेले. टॉवेल-टोपीचं ताट ओट्यावर तसंच राहिलं.

*

गाडीचा आवाज विरला. मग इंदूचा बांध फुटला.

“काय मिळवलंत वन्सं? सांगा ना, काय मिळवलंत? मिटलं व्हतं सगळं! तुमचं तर झालंच न्हाई, आता पोरीचं बी…” ती थबकली. आपण काय बोललो हे तिचं तिलाच ऐकू आलं असावं. ती पदर तोंडाला लावून खाली बसली आणि रडू लागली. “मला लेक न्हाई वो. दोन पोरं दिली देवानं, पन लेक न्हाई. ह्या एका पोरीचं कन्यादान माझ्या हातनं व्हनार व्हतं. त्याला दृष्ट लागंल म्हनून मी जीव मुठीत धरून हाय, आन् तुमी…”

भागूबाईला तिचा राग आला नाही. इतकी वर्षं एका चुलीवर काढून ही बाई आतून अशी रिकामी आहे हे आपल्याला दिसलं नाही, याचंच तिला वाईट वाटलं. पण जवळ जाऊन पाठीवर हात ठेवायचं धाडस तिला झालं नाही.

“त्यो कटरवाला बोलवा,” इंदू डोळे पुसत म्हणाली. “निदान आता तरी तोडा.”

“आता तोडून काय उपेग?” बाळासाहेब म्हणाला. “सांगून झालंय.” तो बहिणीकडे न पाहता बाहेर निघून गेला.

समृद्धी आत्यापाशी आली. ती चिडेल असं भागूबाईला वाटलं होतं. पण पोरगी नुसती जवळ उभी राहिली, हाताची बोटं मोडत.

“आत्या, तू बोललीस ते बरोबर होतं,” ती म्हणाली. “पण मला भीती वाटतीये गं.”

“मला बी,” भागूबाई म्हणाली.

सुजितचा फोन रोज यायचा. समृद्धीने दोनदा विचारलं. तो म्हणाला, माझ्याकडून काही नाही, तू काळजी करू नको. पण आजोबा काहीच बोलत नाहीत. हळदीचं विचारलं तर बघू म्हणतात. त्यानंतर समृद्धीने विचारायचं सोडलं. “यायची असेल तर येईल,” ती म्हणाली. हे शब्द ऐकून भागूबाईने तिच्याकडे वळून पाहिलं, कारण तेच शब्द एकदा तिने आईला सांगितले होते.

काम मात्र कुणी थांबवलं नाही. थांबवणं म्हणजे कबूल करण्यासारखं झालं असतं. झेंडू तोडला, माळा ओवल्या. कांद्याच्या जाळ्यांची फुलं दोऱ्याला लागली. मेढ या खेपेला उंबराचीच होती. बाळासाहेब ती पलीकडच्या गावातून आणून, भटजींना दोनदा दाखवून मोकळा झाला होता. दुधाने तोंड पोळलेली माणसं ताकही फुंकून पितात. ती त्याने पांगाऱ्यापासून हातभर अंतरावर रोवली.

एका सकाळी भागूबाई उठून बाहेर आली तर बाळासाहेब पांगाऱ्याच्या बुंध्याला गोणपाट गुंडाळत होता. सुतळीचे वेढे घट्ट ओढत होता, टोमॅटोला आधार बांधतात तसे.

“काटं हैत,” तो तिच्याकडे न वळता म्हणाला. “साड्या फाटतील.” त्या दिवसापासूनचं त्याचं तिच्याशी एवढंच बोलणं.

“वर बी बांध एक वेढा,” ती म्हणाली. त्याने बांधला.

*

हळदीच्या दिवशी गावाने डहाळे आणले. आंबा, जांभूळ, गाडीभर हिरवा पाला. वाजंत्री वाजली, मांडवाच्या कडा झाकल्या गेल्या. छत वर चढलं. मोरपंखी, अंजिरी, डाळिंबी, पोपटी अशा शकुंतलेच्या सगळ्या संसाराच्या साड्या ऊन अडवून उभ्या राहिल्या आणि खालच्या माणसांच्या तोंडावर त्यांचे रंग पडले. वरून पांगाऱ्याचं फूल कापडावर पडलं की खालून एक काळसर ठिपका दिसायचा. शकुंतला दाराआडून वर पाहत होती. “ती डाळिंबी ह्यांनी मंचरच्या बाजारातनं आणली व्हती,” ती कुणाला तरी म्हणाली, “समृद्धीच्या बारशाला.” मग ती आत न जाता तिथेच उभी राहिली, आणि तिला आत जा म्हणून कुणी सांगितलं नाही.

समृद्धी पाटावर बसली. हळद न्याहारीच्या वेळेला येणार असं सोयरीक ठरतानाच बोलणं झालं होतं. न्याहारीची वेळ गेली. वाजंत्रीवाल्यांनी दोनदा चहा घेतला. इंदू ओवाळायचं ताट मांडीवर घेऊन बसली होती, त्यातलं निरांजन तिने दोनदा विझवलं आणि दोनदा लावलं. दुपार झाली. बायका आधी मोठ्याने बोलत होत्या, मग हळू बोलू लागल्या, मग कानात.

फोन करायची हिंमत मात्र कुणाला होईना. समृद्धीचा मोबाईल तिच्या मैत्रिणीच्या हातात होता आणि ती पोरगी तो उलटा धरून बसली होती. फोन केला आणि तिकडून भलतंच ऐकू आलं तर? न कळलेलं बरं, असं मांडवातल्या शंभर माणसांनी न बोलता ठरवून टाकलं होतं.

भागूबाई पांगाऱ्याच्या बुंध्याशी बसली होती. गोणपाटाला पाठ टेकून. आपल्या हळदीच्या दिवशी ती एवढी घाबरली नव्हती. तेव्हा शेवटपर्यंत वाटत होतं, येईल. आता तिला ठाऊक होतं की हळद न येताही दिवस मावळतो, आणि माणूस पाटावरून उठून पुढची वर्षंच्या वर्षं जगतं. ते जगणं काय असतं हेही तिला ठाऊक होतं. ‘माझ्या जिभेला हाड नाही,’ ती मनात म्हणत होती. ‘देवा, खरं बोलायची खाज मला, आणि भोगायचं हिनं, असं करू नको. वाटलं तर झाड घे, मला ने. पण पोरीची हळद येऊ दे.’ समृद्धी समोरून तिच्याकडेच पाहत होती. भागूबाईने मान हलवून तिला ‘धीर धर’ म्हटलं. आपल्या मानेवर आपलाच विश्वास नाही हे पोरीला दिसू नये म्हणून ती लगेच खाली पाहू लागली.

“बाळासाहेब कुठं गेले?” कुणीतरी विचारलं.

खरंच, बाळासाहेब मांडवात नव्हता. वाजंत्रीवाल्यांपाशी नव्हता, गोठ्यातही नव्हता. घरचा कर्ता पुरुष, उद्या कन्यादानाला बसायचा, आणि ऐन वेळी गायब. इंदू म्हणाली, “मघा देवळाकडं जाताना दिसले. पाया पडाया गेले आसतील.”

देवळाकडे. भागूबाईने मान वर केली. देवळापाशी वळण होतं. आणि मग तिला कळलं की तो पाया पडायला गेलेला नाही. पोटाचा घेर सुटलेला, गुडघे दुखणारा, गावात मान असलेला तिचा भाऊ भर उन्हात त्या वळणावर उभा होता.

ती उठून उभी राहिली. का उठली ते तिलाही सांगता आलं नसतं. मांडवातली कुजबुज बंद झाली.

आधी एक हॉर्न वाजला, लांबून. मग दुसरा. आणि मग आवाज आला. घोगरा, धाप लागलेला, पळत येणाऱ्या जड माणसाचा. शब्दाशब्दाला फाटत होता, तरी सगळ्या आळीला ऐकू जात होता.

“अक्का! हळद आली! हळद आली गं अक्का!”

समृद्धीचं नाव त्यात नव्हतं. पुतणीचं लग्न होतं, पाटावर पुतणी बसली होती, आणि तो धावत हाका मारत होता बहिणीला. “अक्का, हळद आली!” वळणापासून दारापर्यंत तो दुसरं काहीच बोलला नाही. त्याच्यामागून अवसरीची गाडी हळूहळू येत होती, आणि पुढच्या सीटवर मांडीवर झाकलेली वाटी घेऊन पागोट्यातले सोमाजीबाबा स्वतः बसले होते. “खरं सांगनाऱ्या घरची हळद मी सोता आननार म्हनलं, म्हाताऱ्यामुळं उशीर झाला,” असं ते खिडकीतून सांगत होते.

मांडवात एकच गलबला उडाला. वाजंत्री वाजू लागली, शकुंतला दाराआडून बाहेर आली. इंदू ताट घेऊन लगबगीने उठली, चार पावलं गेली आणि थांबली. मागे फिरून ती पांगाऱ्यापाशी आली. रडून रडून तिचं नाक लाल झालं होतं.

“वन्सं, तुमी घ्या,” ती म्हणाली आणि ताट तिने भागूबाईच्या हातात दिलं. “तुमीच घ्या हळद.”

भागूबाईने ताट धरलं. दारात बाळासाहेब दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून उभा होता, टोपी कुठे तरी पडलेली, श्वास घेता येत नव्हता, आणि तरीही मान वर करून तिच्याकडे बघत सांगत होता, “आली, अक्का… आली…”

“ऐकलं रे बाळू,” ती म्हणाली. “ये आता आत. जेवायला चल.”